डावीकडचा ठिपका

"हलू नका मॅडम, थोडंच राहिलंय," काचेपलीकडून तंत्रज्ञाचा आवाज आला, आणि शलाका साळुंखेनं पुन्हा एकदा पायाचे अंगठे ताठ धरले. कोल्हापुरातल्या एका जलतरण तलावावर ती पोरांना पोहायला शिकवायची. काठावर शिट्टी घेऊन उभं राहणं तिला पटायचं नाही. पोराच्या पोटाखाली हात धरून ती स्वतः पाण्यातून चालायची. सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी घरात तिला एका जागी बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. आणि आज त्या गार नळीत, डोक्याभोवती ठकठक चाललेली असताना, तिला दगडासारखं पडून राहायचं होतं.

निनादसाठी म्हणून ती पडून होती.

निनाद तिचा धाकटा भाऊ. वडिलांची राजारामपुरीतली बेकरी तोच चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, आणि तेव्हापासून एक दिवसाआड त्याला डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन बसावं लागत होतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. उन्हाळ्यात भट्टीसमोर तो बर्फाचा खडा गालात धरायचा आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. त्याची बायको गौतमी, तिचा रक्तगट जुळत नव्हता. आई-वडील राहिले नव्हते. शलाकाचं मात्र सगळं जुळलं. रक्त जुळलं, ऊती जुळल्या, "कुणाचा दबाव नाही ना?" हे मानसोपचारतज्ज्ञांनी तऱ्हेतऱ्हेनं विचारून झालं. राहिला होता तो हा सर्वांग-स्कॅन. जिवंत माणसाचा अवयव घ्यायचा तर आधी त्याचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं शरीर तपासायचं, असा आता कायदाच झाला होता.

कपडे बदलून ती बाहेर येईपर्यंत निकाल फोनवर येऊन बसला होता. 'दाता तूर्त अपात्र. कृपया डॉक्टरांना भेटा.'

प्रत्यारोपणाच्या सर्जन डॉ. शाहीन इनामदार यांनी पडद्यावर शलाकाचं शरीर उभं केलं. राखाडी, आरपार दिसणारं, आणि त्यावर ठिकठिकाणी पिवळ्या खुणा.

"एवढ्या खुणा सगळ्यांनाच असतात, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "हे खांद्याचं हाड कधीतरी मोडून जुळलेलं."

"सायकलवरून पडले होते. शाळेत असताना."

"ही गुडघ्याची झीज. हा यकृतातला पाण्याचा फोड, त्याचं काही नाही. आणि हा." त्यांनी बोट डाव्या किडनीवर ठेवलं. तिथली खूण तांबडी होती.

ती खूण कुणा माणसानं केलेली नव्हती. पूर्वी स्कॅन झाला की डॉक्टर शेकडो चित्रं एकामागून एक डोळ्यांखालून घालायचे, आणि ज्याची शंका असेल तेच शोधायचे. पाठ दुखते म्हणून आलेल्याची पाठ पाहायचे. आता ते काम 'सर्वदर्शी' नावाची संगणकप्रणाली करत होती, आणि तिला कसलीच आगाऊ शंका नसायची. लाखो माणसांची शरीरं तिच्या स्मृतीत होती. त्यांवरून या वयाच्या, या बांध्याच्या बाईचं शरीर कसं असायला हवं, त्याचं एक चित्र ती तयार करायची. समोरचं शरीर त्या चित्रावर तिळातिळानं ठेवून पाहायची, आणि जुळणार नाही तिथं खूण करायची. खुणेचा अर्थ एवढाच, की इथं काहीतरी वेगळं आहे. मग त्या वेगळेपणापुढं ती एक आकडा लिहायची: हे घातक असण्याची शक्यता किती.

शलाकाच्या डाव्या किडनीच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा ठिपका होता. आकडा होता शंभरात त्रेसष्ट.

"म्हणजे कॅन्सर?"

"म्हणजे माहीत नाही. एवढ्याशा गाठीत सुई नेमकी जात नाही. गेली तरी उत्तर भरवशाचं येत नाही."

"मग उजवी घ्या की."

"तुमच्या उजव्या किडनीला रक्त तीन बारीक वाहिन्यांतून येतं. जन्मापासून ठेवणच तशी. ती दुसऱ्याला जोडताना बिघडायचीच भीती जास्त. आणि चांगली किडनी काढून घेऊन शंकेची तुमच्याकडं ठेवायची? असं कुठलाच सर्जन करणार नाही. तुमच्यापुरतं बोलायचं तर दोन वाटा आहेत. अधूनमधून स्कॅन करून नजर ठेवायची, नाहीतर सुईनं उष्णता देऊन तो ठिपका जाळून टाकायचा. जाळला की तुम्ही मोकळ्या. पण मग ती किडनी देता यायची नाही."

"आणि निनाद?"

"मृत दात्यांच्या प्रतीक्षेत त्यांचं नाव आहेच."

"नंबर कधी लागेल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. निनादच्या हातात डायलिसिससाठी ऑपरेशन करून फुगवलेली शीर दोनदा गुठळी होऊन बंद पडली होती. तिसऱ्यांदा पडली तर सुई टोचायला जागा कुठं शोधायची, हा प्रश्न शलाकाला आधीच माहीत होता. त्यामुळं उत्तराची तिनं वाट पाहिली नाही.

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. 'अपात्र' हा शब्द तिनं पुन्हा एकदा वाचला, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ऑपरेशन नाही. पोटावर टाके नाहीत. महिनोन्‌महिने पाण्यापासून लांब राहणं नाही. लिफ्टचं दार उघडेपर्यंत ते हलकेपण राहिलं. बाहेर पाऊल टाकलं आणि स्वतःचीच तिला इतकी शिसारी आली, की गाडीची किल्ली पर्समध्ये असताना ती पार्किंगमध्ये वेड्यासारखी शोधत फिरली.

रणजितनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो व्यवस्थापक होता. भाषा तुटक आणि माणूस सरळ. किडनी द्यायला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. होय म्हणतानाही त्यानं तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

"जाळून टाकू," तो म्हणाला. "उद्याच तारीख घेऊ. नशीब म्हणायचं, या निमित्तानं कळलं तरी."

"तुला बरं वाटलं."

"तुझ्या पोटात गाठ निघाली आणि मला बरं वाटेल?"

"गाठीचं नाही म्हणत मी."

शलाकानं भांडी उगाचच पुन्हा घासायला घेतली. रणजितच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं ते तिनं ओळखलं होतं, कारण थोड्या वेळापूर्वी लिफ्टमध्ये तेच तिच्या अंगात होतं. त्याला दोष द्यायची सोय नव्हती, आणि स्वतःला दोष देऊन काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तलावावर पोरांच्या आधी पोचली. हात मारता मारता तिचा डावा हात राहून राहून कमरेवर जात होता. बरगडीखाली बोटं दाबून ती पाहत होती. काहीच लागत नव्हतं. लागणार नाही हे तिला माहीत होतं. तरी प्रत्येक फेरीला ती दाबत होती, आणि तिचं पोहणं असं बिघडलं होतं की एखादं पोर असं पोहताना दिसलं असतं, तर त्याला बाहेर काढून ती ओरडली असती.

बेकरीत दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. गौतमी गल्ल्यावर होती, निनाद आत खारीचे ट्रे लावत होता. शलाकानं दोघांना आतल्या स्टुलांवर बसवून सांगितलं. एका दमात, कुठंही न थांबता.

गौतमीनं तिच्याकडं पाहिलं. "सगळं जुळलं होतं ना, ताई?"

"होय गं. हे शेवटच्या तपासणीत निघालं."

"आणि दुखत-खुपत काहीच नाही."

"काहीच नाही."

"मग बरं झालं," गौतमी म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला होता. "तुम्हांला नाही म्हणायचं संकट पडलं नाही. यंत्रानंच सांगून टाकलं."

"गौतमी!" निनाद ओरडला.

"काय गौतमी? तुमच्या हाताकडं बघा एकदा. ती शीर किती दिवस चालायची ते सांगा मला." ती उठून बाहेर गेली आणि गल्ल्याचा खण जोरात बंद झाल्याचा आवाज आला.

निनादनं बहिणीचा हात धरला. त्याच्या मनगटावरची फुगलेली शीर तिच्या तळव्याखाली मांजरासारखी घुरघुरत होती. "तिचं मनावर घेऊ नको. झोप नाही तिला. तू आधी ते जाळून घे. माझं काय, चाललंय की."

शलाकाला वाटलं, यानंही चिडावं. तो चिडला असता तर तिला रडता आलं असतं.

ती इनामदारांकडं परत गेली नाही. ती गेली डॉ. पेंडुरकरांकडं. रुग्णालयात सर्वदर्शीवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. किडकिडीत, वेळ नसल्यासारखे बोलणारे, पण प्रश्न विचारला की खुर्ची ओढून बसणारे गृहस्थ.

"मला एकच सांगा सर," शलाका म्हणाली. "माझ्यासारखा ठिपका असलेली किती माणसं काही न करता तशीच राहिली? आणि त्यांचं पुढं काय झालं?"

पेंडुरकर हसले नाहीत. "हा प्रश्न मी स्वतः विचारून विचारून दमलोय. उत्तर असं, की माहीत नाही. कारण तसं कुणी राहिलंच नाही."

"म्हणजे?"

"सर्वदर्शी शिकली कशी? तांबडी खूण झाली, गाठ काढली, प्रयोगशाळेत तपासली. कॅन्सरच्या पेशी निघाल्या की यंत्राला सांगायचं, शाबास. पण कॅन्सरच्या पेशी असणं वेगळं आणि त्यानं माणूस मरणं वेगळं. दुसऱ्या आजारानं किंवा म्हातारपणानं गेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात पूर्वी असे ठिपके सापडायचे. जन्मभर होते, त्यांना पत्ता नव्हता. आता खूण झाली की ठिपका बाहेर. डॉक्टर थांबत नाहीत, पेशंट तर मुळीच नाही." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही पोहायला शिकवता ना? समजा, पाण्यात कुणाचाही हात वेडावाकडा पडला की त्याला लगेच ओढून काढायचं असा नियम केला. मग बुडणारं पोर कोणतं आणि नुसतं खेळणारं कोणतं, हे तुम्हांला कधी तरी कळेल का?"

शलाकाचे हात मांडीवर चाळवत होते. तिनं ते एकमेकांत अडकवले. "मग शंभरात त्रेसष्ट कशाचे?"

"गाठ काढली तर तीत कॅन्सरच्या पेशी निघण्याचे. ठेवली तर काय होईल, त्याचा आकडा यंत्राकडं नाही. माझ्याकडंही नाही." ते पुढं म्हणाले, "एक गोष्ट मात्र आहे. अशा किडन्या दिल्या गेल्यात. सर्वदर्शीच्या आधीच्या काळात, काही देशांत. किडनी बाहेर काढायची, बर्फावर ठेवून ठिपका सभोवतालच्या भागासकट कापून टाकायचा आणि मग ती बसवायची. अशी माणसं फार नाहीत. पण त्यांतली बहुतेक चांगली जगली."

"बहुतेक."

"बहुतेक," पेंडुरकर म्हणाले.

डॉ. इनामदारांना नवल वाटलं नाही. "हे मी तुम्हांला आपणहून सुचवू शकत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत, आता बोलते. तुम्हांला धोका नेहमीच्या दात्याएवढाच. उलट ठिपका तुमच्या अंगातून जाईल. धोका आहे तो निनादना. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागणार. एखादी पेशी मागं राहिली, तर तिला अडवायला तिथं कुणी नसेल. समितीची खास परवानगी लागेल, दोन्ही घरांची संमती लागेल. आणि कापलेल्या कडा ऑपरेशन चालू असतानाच तपासू. कडेला एक जरी वाईट पेशी दिसली तर किडनी टाकून देईन. मग तुमचं पोट फुकट फाडलं गेलं असं होईल. चालेल?"

"चालेल," शलाका म्हणाली. इतक्या चटकन, की डॉक्टरांनी तिला घरी जाऊन विचार करायला सांगितलं.

घरी रणजित कधी नव्हे तो भडकला. "तू ऐकतेस तरी काय बोलतेयस ते? आजारी किडनी देणार तू त्याला?"

"आजारी आहे की नाही हेच माहीत नाही."

"आणि असली तर?"

"असली तर माझ्या अंगातून निघेल. तुला तेच हवंय ना?"

"तुझ्यातून निघून त्याच्यात जाईल, शलाका!" रणजित खुर्चीत बसला. "उद्या त्याला काही झालं, तर गौतमीच्या तोंडाकडं मी कसं बघू? तू वाचलीस म्हणून मनातून खूश असलेला नवरा मी. तिला ते दिसल्याशिवाय राहील?"

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण रणजित स्वतःबद्दल इतकं उघडं कधी बोलला नव्हता. शलाका त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली. संमतीपत्रावर त्यानं सही केली ती चार दिवसांनी, सकाळी फाउंड्रीला जाताना, बूट घालता घालता.

अडला तो निनाद.

"नाही," तो म्हणाला. बेकरी बंद करून तिघं आत बसली होती. भट्टीची धग अजून गेली नव्हती.

आता गौतमीच त्याला समजावत होती. डॉक्टर काय म्हणाल्या, किती माणसं जगली, सगळं तिनं माहीत करून घेतलं होतं. निनाद मान हलवत राहिला.

"अरे, भीती वाटते ते कळतं की मला," शलाका म्हणाली. "पण निर्णय तुझा आहे. मी द्यायला तयार आहे, एवढंच सांगते."

"माझ्यापुरती भीती नाही वाटत ताई. रोज मरायलोच की थोडा थोडा. पण उद्या तो ठिपका माझ्यात वाढला, तर मी जाईन आणि तू राहशील. तुला ओळखतो मी. तू राहायची नाहीस धड." तो गौतमीकडं वळला. "आणि तू त्या दिवशी ताईला टोचून बोललीस. त्या बोलण्यापायी ती हे करत असेल, तर मला ती किडनी नको. असली घेऊन मी जगू कसा?"

गौतमीनं मान खाली घातली. निनादनं स्टूल बहिणीच्या पुढ्यात ओढलं.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"ठिपका निघाला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं तुला?"

गौतमी एकदम म्हणाली, "काय विचारता हो!" पण शलाकानं हातानं तिला थांबवलं. हा प्रश्न रणजितनं विचारला नव्हता, डॉक्टरांनी नाही, मानसोपचारतज्ज्ञांनीही नाही.

"वाटलं," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये होते मी. खाली येईपर्यंत वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर लाज वाटली. खूप. पहिले काही दिवस त्या लाजेपायीच धावत होते मी, ते खोटं नाही. आता नुसती भीती वाटते. पोटाची वाटते, तुझी वाटते. पण सुटावं असं नाही वाटत."

निनादनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग लहानपणी भांडण संपल्यावर सोडायचा तसा एक लांब श्वास सोडला. "हे आधी सांगायचंस की. मला वाटलं, तू देवी व्हायला निघालीस."

"देवी कसली! ऑपरेशनच्या नावानं पोट बिघडलंय माझं दोन दिवस."

तो हसला. गौतमी आधी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली. शलाका उठून तिच्याजवळ गेली. गौतमीनं माफी मागितली नाही, शलाकानं ती मागू दिली नाही.

समितीपुढं दोन बैठका झाल्या. एक सदस्य शेवटपर्यंत विरोधात राहिले. परवानगी आली तेव्हा निनादच्या हातातली शीर तिसऱ्यांदा बंद पडून मानेत नळी बसवलेली होती, आणि त्याला ताप येत होता. ताप उतरायची वाट पाहत सगळे कसेबसे दिवस काढत होते.

ऑपरेशनचं शलाकाला काही आठवत नाही. तिला आठवतो तो जागं होतानाचा कोरडा घसा, आणि डाव्या कुशीत कुणीतरी निखारा ठेवल्यासारखी आग. तिनं ओठ हलवले. रणजित वाकला.

"टाकली का?" तिनं विचारलं.

"काय?"

"किडनी. टाकून दिली का?"

"नाही गं. बसवली." रणजितचे डोळे लाल होते. "टेबलावरच चालू झाली म्हणे. गौतमी बाहेर सगळ्यांना पेढे वाटायलीय, नर्स तिला ओरडल्या."

ठिपक्याचा पूर्ण अहवाल आठवड्यानं आला. इनामदार स्वतः सांगायला आल्या. ठिपक्यात कॅन्सरच्या पेशी होत्या. सावकाश वाढणाऱ्या जातीच्या. कडा स्वच्छ होत्या.

"म्हणजे यंत्र बरोबर निघालं," रणजित म्हणाला. इतक्या दिवसांनी त्याला काहीतरी ठाम हाताशी लागलं होतं.

संध्याकाळी पेंडुरकर येऊन गेले. शलाकानं त्यांना तेच विचारलं.

"कॅन्सर होता, हे बरोबर," ते म्हणाले. "तो तुम्हांला कधी त्रास देणार होता का, ते आता कुणालाच कळायचं नाही. यंत्राकडं तुमची नोंद गेली, बरोबर पकडलेली म्हणून. पुढच्या बाईला तशाच ठिपक्यापुढं कदाचित पासष्ट लिहून येईल."

त्या वाक्यानं शलाकाचं अंथरुणातलं स्वास्थ्य गेलं. टाके ओढत होते तरी ती उशी पाठीशी घेऊन बसली, पुन्हा आडवी झाली, पुन्हा बसली. आपण वाचलो की नुसतेच घाबरलो, हे कळायची सोय उरली नव्हती. भावाला किडनी मिळाली एवढं पक्कं होतं. त्यावर बोट ठेवून ती झोपली.

निनाद सुधारला. रंग बदलला, आवाज बदलला, भट्टीपाशी दिवसभर उभा राहू लागला. पण दर तीन महिन्यांनी त्याचा सर्वांग-स्कॅन असायचा, आणि त्याआधीचा आठवडा दोन्ही घरांत कुणी धड जेवायचं नाही. गौतमीच्या हातून बरण्या पडायच्या. शलाका दिवसातून दहा फोन करायची: लघवी साफ होते ना, पाठ दुखत नाही ना, वजन किती? एकदा तो वैतागून म्हणाला, "ताई, तू मला किडनी दिलीस ना? मग वर पहारा कशाला?" ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तोच गरम नानकटाई घेऊन तलावावर आला. ठिपक्याच्या जागी काही उगवलं नव्हतं. आतापर्यंत तरी.

दीड वर्षानं शलाकाचा स्वतःचा स्कॅन झाला. उरलेली किडनी उत्तम. पण गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवर नवी तांबडी खूण होती. ज्वारीच्या दाण्याएवढी. शंभरात एकाहत्तर.

"काढून टाक," रणजित म्हणाला. "छोटं ऑपरेशन असतं. आपण काय पहिल्यांदा जातोय?"

"ग्रंथी काढली की जन्मभर गोळी."

"गोळीच ना? घे की."

पेंडुरकरांनी मधल्या काळात एक अभ्यास सुरू केला होता, हे शलाकाला माहीत होतं. तांबडी खूण झालेली, पण ऑपरेशन न करता नुसती पाहत राहायची अशी माणसं त्यांना हवी होती; म्हणजे ठेवलेल्या ठिपक्याचं काय होतं ते यंत्राला कधीतरी शिकता येईल. माणसं यायची, पेंडुरकरांचं ऐकायची, होय म्हणायची. घरी गेली की दोन-चार आठवड्यांत ऑपरेशन करून मोकळी व्हायची. पेंडुरकर कुणाला दोष देत नव्हते. शलाकाला तर त्यांनी विचारलंही नाही. तीच त्यांच्या खोलीत गेली.

"हा तसाच ठेवून थांबण्याजोगा आहे का? खरं सांगा."

"या ग्रंथीतले बहुतेक फार सावकाश असतात. सहा महिन्यांनी पाहू. वाढला तर लगेच काढू, उशीर झालेला नसेल. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. तुम्हांला झोप लागणार नाही."

"ती अशीही लागत नाही," शलाका म्हणाली.

रणजितला तिनं जेवताना सांगितलं. त्यानं ताट सारलं, उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला, परत येऊन बसला. "मी होय म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण अडवणार पण नाही. प्रत्येक स्कॅनला माझा जीव जाणार, एवढं ध्यानात ठेव." तिनं त्याच्या ताटात भात वाढला. तो सावकाश जेवला.

मग ती बेकरीत गेली. निनाद पावांची रांग कापत होता. तिनं सांगितलं तशी त्याची सुरी थांबली.

"वाढला तर?"

"तर काढायचा."

"आणि नाही वाढला तर?"

"तर एक ठिपका असाही असतो, हे कुणाला तरी कळेल."

"तुला भीती नाही वाटायली?"

"वाटायलीय की. इथं येईपर्यंत दोनदा गाडी थांबवली मी. परत फिरावं, ऑपरेशनची तारीख घ्यावी असं वाटलं."

निनादनं सुरी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. "तुझा पुढचा स्कॅन कधी?"

"श्रावणात. तुझा पण तेव्हाच असतो ना?"

खिशातून फोन काढून त्यानं रुग्णालयाला लावला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. पलीकडून कुणीतरी तारखा सांगत होतं, आणि तो मान हलवत होता.

"नाही, वेगवेगळ्या दिवशी नको," तो म्हणाला. "एकाच सकाळी घ्या, एकापाठोपाठ. दोन नावं लिहा. होय, भाऊ-बहीणच. आधी तिचं लिहा."